बाथरूममध्ये तळहाताएवढा कोळी. मारू, हाकलू की घर बदलू?

निशिगंधा (१२ जुलै, रात्री ११:४८)

नमस्कार मंडळी. या फोरमवर बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज धागा काढायची वेळ आली कारण आत्ता मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेय आणि बाथरूमला बाहेरून कडी लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबलाय.

आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या जरा पुढे. नववा मजला, मागे येऊरचा डोंगर. घर घेताना ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणून चौरस फुटामागे जास्तीचे पैसे मोजले होते, तो निसर्ग आता गीझरच्या मागे बसलाय. तपकिरी, चपटा, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना फाकलेले, आणि पायांसकट माझ्या तळहाताएवढा. वाढवून सांगत नाहीये, लांबूनच पण हात धरून मापलंय.

नवरा शनिवारपर्यंत पुण्याला. लेक नऊ वर्षांची. आधी तिलाच दिसला आणि ती अगदी शांतपणे म्हणाली, “आई, बघ केवढा!” मी गेले, पाहिला आणि किंचाळले. मग ती किंचाळली. आता ती माझ्या बेडवर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलीय. मला कोळ्यापेक्षा हे जास्त लागलंय, कारण नौपाड्याच्या जुन्या घरात माझी आई कोळी दिसला की ओरडत गॅलरीत पळायची आणि मी तिच्या मागे. मला कोळ्याने कधी काहीच केलेलं नाही, तरी चाळिशीत ही अवस्था.

तर हा विषारी आहे का, याला घालवायचं कसं, आणि पोरीला माझ्यासारखं होऊ द्यायचं नसेल तर काय करू? सकाळी शाळा आहे आणि दुसरं बाथरूम गळतंय म्हणून बंद आहे.

काडीबहाद्दर (११:५३)

घर त्याच्या नावावर करा आणि तुम्ही भाड्याने राहा. घोडबंदरचे भाव बघता त्यालाही वन बीएचके परवडला नसणार म्हणून बिचारा गीझरमागे ॲडजस्ट करतोय.

खेकडा_चेंदणीचा (११:५७)

शीर्षक वाचून धसकलोच ओ! मी चेंदणी कोळीवाड्यातला, उंची पाच फूट दहा, तळहाताएवढा नक्कीच नाही. आणि ‘मारू की हाकलू’ काय? ठाण्यात आधी आम्ही आलो, मग रेल्वे आली, मग तुम्ही. (हलके घ्या ताई, पण शाळेत पोरं मला आठ पाय काढून दाखव म्हणायची.)

भटक्या_येऊर (१३ जुलै, रात्री १२:१०)

ताई, वर्णन इतकं नीट दिलंय की फोटोची गरज नाही. हंट्समन आहे, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. आपल्याकडे जुन्या घरांत, गोडाउनमध्ये, बोटींवर सगळीकडे असतो. जहाजांतल्या मालाबरोबर फिरून जगभरच्या उष्ण देशांत पोचलाय. हा जाळं विणून बसत नाही, रात्री भिंतीवरून पळत झुरळं धरतो. अंग चपटं अशासाठी की सालीच्या फटीत शिरता यावं, तुमच्याकडे साल नाही म्हणून गीझर. टॉर्च मारलात तर डोळ्यांच्या खाली फिकट पट्टा दिसेल, पांढरी मिशी ठेवल्यासारखा.

विषारी म्हणाल तर विष जवळजवळ प्रत्येक कोळ्याला असतं, त्याशिवाय तो किडा गार कसा करणार. प्रश्न माणसाला त्याने काही होतं का हा. याच्या बाबतीत उत्तर नाही. हाताखाली दाबला गेला तर चावेल, गांधीलमाशीसारखं दुखेल, सुजेल, उतरेल. बाकी तो तुम्हाला बघून पळतो, फक्त पळताना दिशा चुकतो आणि आपल्याला वाटतं अंगावर आला.

घालवायचं म्हणजे मोठा पारदर्शक डबा भिंतीवर अलगद उपडा ठेवायचा, मागून पातळ पुठ्ठा सरकवायचा, खाली नेऊन झाडाजवळ सोडायचा.

वाचनमात्र_विनू (१२:१४)

“अलगद” या शब्दावर माझा दहा वर्षांचा नुसतं वाचत बसायचा संयम सुटला. भटक्याभाऊ, पुठ्ठा सरकवताना माणूस नेमका किती लांब असतो? मला आठ फुटी पुठ्ठा लागेल.

पमाताई_नेरुळ (सकाळी ६:३५)

काय बाई एकेक! आम्ही नेरुळला सिडकोच्या बैठ्या घरात आलो तेव्हा आजूबाजूला नुसती दलदल आणि गवत, साप काय, विंचू काय, बेडूक तर पायपुसण्यावर. कोणी धागे काढत नव्हतं. झाडू घ्यायचा आणि विषय संपवायचा.

मात्र एकदाच फजिती झाली. अंगणातून एक करडा कोळी आत आला, पाठ खरखरीत फुगलेली. मी खराटा हाणला आणि अहो, तो फुटलाच! त्याच्यातून बारीक बारीक शे-दीडशे चहूकडे पळाले, देव्हाऱ्याखाली, कपाटाखाली, धाकट्याच्या पाळण्याखाली. आमचे हे खुर्चीवर उभे. त्या दिवशी ऑफिसला दांडी.

भटक्या_येऊर (६:५०)

@पमाताई, तो फुटला नव्हता, ती आई होती. वुल्फ स्पायडरची मादी पिल्लं अंड्यांतून निघाली की काही दिवस पाठीवर घेऊन फिरते. तुमच्या खराट्याने सगळ्यांना एकदम उतरवलं. रात्री येऊरला पाटोणापाड्याच्या बाजूला कपाळावर टॉर्च लावून गवताकडे बघा, हिरवे-निळे ठिपके चमकतात, दव वाटतं, पण ते यांचे डोळे.

पमाताई_नेरुळ (७:०२)

अगं बाई. तीस वर्षांनी कळलं. आता उगाच वाईट वाटतंय सकाळी सकाळी.

आजीचं_पान (९:२०)

आमच्या अलिबागकडच्या आजीचा शब्द आठवला, ती कोळी म्हणायचीच नाही, ‘कातीण’ म्हणायची. सूत कातते ती कातीण. आता आमच्यात कुणी म्हणत नाही. आणि अंगावर लाल चट्टा, वर पाण्याचे बारीक फोड आले की निदान ठरलेलं, “कातीण फिरली गो रात्री”. मग कसलातरी लेप. मला लहानपणी दोनदा मानेवर झालंय, फार आग होते, म्हणून सांगते, अगदीच निरुपद्रवी म्हणू नका.

ओपीडी_नंतर (दुपारी २:४०)

@आजीचं_पान, वाशीत प्रॅक्टिस आहे, पावसाळ्यात आठवड्याला चार-पाच तरी ‘कातीण फिरलेले’ येतात. कातीण बिचारी निर्दोष आहे. तो पेडेरस नावाचा लांबट किडा असतो, मुंगीहून थोडा मोठा, काळा-नारिंगी, पावसात ट्यूबलाइटकडे येतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर बसला की आपण झोपेत चिरडतो, त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन असतं, त्याने कातडी भाजते. म्हणून चट्टा रेघेसारखा उमटतो, जिथून हात फिरवला तिथून. अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडला गेलाच तर साबणाने लगेच धुवायचं आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. पेशंटला हे सांगितलं की तो मान डोलावतो आणि जाताना विचारतो, “पण डॉक्टर, कोळीच ना?”

खरं सांगायचं तर ‘कोळी चावला’ म्हणून आलेल्यांत कोळी पाहिलेला माणूस विरळाच. बहुतेकदा गळू असतं, जंतुसंसर्ग असतो, ढेकूण असतो. कोळ्यावर ढकललं की घरातली गादी तपासावी लागत नाही.

रोखठोक_राणे (३:१५)

सगळे विद्वान जमलेत. माझं म्हणणं सरळ आहे, माझ्या घरात मी ईएमआय भरतो, झुरळ भरत नाही, कोळीही भरत नाही. स्प्रे मारा आणि झोपा. आणि ते ‘तो तुम्हाला जास्त घाबरतो’ हे ज्ञान बंद करा. मला माहितीये तो चावत नाही, पाल चावत नाही हेही माहितीये. माहिती असून अंगावर काटा येतो त्याचं काय? अडाणी म्हणून कोणी घाबरत नाही. मी इंजिनीअर आहे, एकोणिसाव्या मजल्यावर परांचीवर उभा राहून काम बघतो, आणि पाल दिसली की बायकोला हाक मारतो.

वाचनमात्र_विनू (३:१८)

राणेसाहेब, शेवटच्या वाक्याने तुम्ही मन जिंकलंत.

सिडनीकर_शाम (४:०५)

मूळचा कळव्याचा, आता सिडनीच्या उत्तर भागात. इथे आलो तेव्हा मित्रांनी आधी घर दाखवलं नाही, आधी बूट झटकून घालायला शिकवलं.

तुमचा हंट्समन इथेही आहे, त्याचे भाऊबंद गाडीत सनशेडच्या मागे बसतात. तुम्ही हायवेला असताना ऊन आलं म्हणून शेड खाली करता आणि तो मांडीवर. त्याच्या चावण्याने कोणी मरत नाही, पण स्टिअरिंग सुटण्याने काहीही होऊ शकतं.

खरा घाबरण्यासारखा इथला फनेलवेब. काळा, चकचकीत, तुमच्या गीझरवाल्यापेक्षा दिसायला लहानच. नराचं विष मादीपेक्षा जहाल, आणि उन्हाळ्यात पावसानंतर नरच बिळाबाहेर पडून मादी शोधत फिरतात, स्विमिंग पूलमध्ये पडतात, तळाशी मेल्यासारखे दिसले तरी तासन् तास जिवंत असतात. त्याच्यामुळे १३ मृत्यूंची नोंद आहे, पण १९८१ मध्ये प्रतिविष आलं आणि त्यानंतर एकही नाही. ते प्रतिविष सशांमध्ये तयार करतात, आणि विष मिळवायला लोकांनाच आवाहन असतं की सापडला तर बरणीत धरून आणून द्या. ते गोस्फर्डजवळच्या रेप्टाइल पार्कला जातात. माझ्या ऑफिसातल्या बाईने डेस्कवर बरणी ठेवली होती, लंच टाइममध्ये देऊन येते म्हणाली. मी त्या दिवशी लंच घेतला नाही.

काडीबहाद्दर (४:११)

म्हणजे तिथे कोळी पकडून सरकारजमा करतात आणि आपल्याकडे भंगारवाला पण घेत नाही.

खेकडा_चेंदणीचा (४:२०)

परत कोळी पकडण्याच्या गोष्टी. मी अजून इथेच आहे हां.

ओपीडी_नंतर (रात्री ९:३०)

शाम यांच्या प्रतिसादावरून आठवलं. आपल्याकडे कोळ्यांवरचं प्रतिविष मिळत नाही. दवाखान्यात असतं ते सापांचं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं. ते कोळ्याला चालत नाही, मागूही नका. गरजही क्वचित. भारतात ब्लॅक विडोच्या जातकुळीतले कोळी आहेत पण घरात भेटणं दुर्मिळ. पश्चिम घाटात झाडांच्या ढोलीत राहणारे केसाळ टॅरँट्युला आहेत, पोसिलोथेरिया, त्यांचा चावा वाईट, स्नायूंना गोळे येतात, दिवस-दिवस टिकतात, पण त्याने माणूस गेल्याचं मी वाचलेलं नाही.

२०१२ साली आसामात सदियाला कोळी चावून दोन जण गेल्याच्या बातम्या आल्या होत्या, सगळीकडे घबराट. पण त्यांच्यावर आधी मांत्रिकाने ब्लेडने चिरे मारून रक्त काढलं होतं. विषाने गेले की ब्लेडने, हे ठरलंच नाही.

आपल्याकडे आठ पायांच्या ज्या प्राण्याने खरोखर पोरं मारली तो विंचू. कोकणातला लाल विंचू हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरून त्यावर उपाय काढला, खेड्यातल्या दवाखान्यात बसून. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तर भ्यायचंच असेल तर कोकणात गेल्यावर लाकडं उचलताना भ्या, गीझरपाशी नको.

निशिगंधा (रात्री १०:०५)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. शेजारच्या काकूंकडे आंघोळी उरकल्या. काल रात्रीपासून दार उघडलेलं नाही. राणेसाहेब, तुमचं म्हणणं मनापासून पटलं, गांधीलमाशीइतकंच दुखतं हे कळलं म्हणून माझ्या छातीतली धडधड एक ठोकाही कमी झालेली नाही.

आत्ता दाराच्या वरच्या काचेतून टॉर्च मारून बघितलं. आहे, जागा बदलून आरशाच्या बाजूला. मिशी दिसली खरंच. पण पोटाखाली पांढरट बटणासारखं गोल चपटं काहीतरी धरून बसलाय. हे काय आता?

भटक्या_येऊर (१०:०९)

अभिनंदन. धरून बसलाय नाही, बसलीय. अंडी आहेत. आत शे-दोनशे तरी असतात. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती चकती सोडत नाही.

काडीबहाद्दर (१०:१०)

घर बदला.

पमाताई_नेरुळ (१०:१६)

निशिगंधा, आता झाडू नको हो. मी परवापर्यंत म्हटलं असतं हाण म्हणून. बाळंतिणीला कसं मारायचं.

रोखठोक_राणे (१०:२२)

पमाताई पण पलीकडे गेल्या. मी एकटा पडलोय. तरी स्प्रेच्या मतावर ठाम.

मनकवडी (१०:५५)

राणे, एकटे नाही आहात, तुम्ही वर लिहिलेलं सगळ्यांत महत्त्वाचं आहे, माहितीने भीती जात नाही. मी समुपदेशन करते म्हणून निशिगंधाच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, त्याला अजून कोणी हातच लावलेला नाही.

थोडं उपजत असतंच. २०१७ मध्ये जर्मनी-स्वीडनमधल्या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांना फुलांचे आणि कोळ्यांचे फोटो दाखवले, रंग-आकार सारखे ठेवून. कोळी दिसला की डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या व्हायच्या. बाळ रडत नाही, पण अंग सावध होतं. त्या सावधपणाची भीती करायची की कुतूहल, हे बरंचसं घरात ठरतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेत सुझन मिनेका यांनी माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीतीच नव्हती, बिनधास्त सापाच्या पलीकडचं खाणं उचलायची. मग त्यांना जंगलात वाढलेली मोठी माकडं साप बघून कशी घाबरतात ते दाखवलं. थोडक्यात ‘आई गॅलरीत पळते’ हे दाखवलं. तेवढ्यावर ती घाबरायला लागली, आणि महिन्यांनी पाहिलं तरी भीती तशीच. पण पुढचा भाग लोक सांगत नाहीत. काही माकडांना आधी न घाबरणारी माकडं दाखवली होती. त्यांना नंतर घाबरलेली दाखवली, तर ती फारशी घाबरली नाहीत. लस दिल्यासारखं.

तुमची मुलगी आधी “बघ केवढा” म्हणाली ना? ते अजून आहे तिच्यात. तुम्ही शूर व्हायची गरज नाही, नाटकही नको, पोरांना कळतं. “मला भीती वाटतेय, तरी आपण दोघी बघू” एवढं पुरतं. आज काचेतून, उद्या दार उघडून लांबून, मग एक पाऊल. आम्ही थेरपीत हेच करतो, पायरी पायरीने, आणि प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप खाली येईपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. पळालं की मेंदू नोंद करतो की पळाल्यामुळे वाचलो.

आजीचं_पान (११:१२)

मनकवडी, हे वाचून दोन मिनिटं नुसती बसले. माझ्या आईची मेघगर्जनेची भीती मी अशीच उचललीय.

अवलिया_सानपाडा (१४ जुलै, सकाळी ८:०५)

धागा गंभीर झाला म्हणून जरा अवांतर. काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, ‘टॉयलेट सीटखाली विषारी कोळी, पाच बायकांचा मृत्यू, सगळ्यांना पाठवा’. ही अफवा १९९९ पासून ईमेलवर फिरतेय. पहिल्या आवृत्तीत कोळ्याचं शास्त्रीय नाव दिलं होतं ‘अरॅक्नियस ग्लुटियस’. ग्लुटियस म्हणजे ढुंगणाचा स्नायू! कोणीतरी मजा केली आणि लोकांनी घाबरून पुढे पाठवली. २००२ च्या आवृत्तीत टेलामोनिया डिमिडिआटा असं खरं नाव घुसवलं, तो आशियातला उड्या मारणारा गोंडस कोळी, भारतातही आहे. त्या बिचाऱ्याची उगाच बदनामी.

ग्रुपवर हे सांगितलं तर सेक्रेटरी म्हणाले, “काळजी घ्यायला काय हरकत आहे?”

भटक्या_येऊर (८:३०)

उड्या मारणाऱ्यांवरून, ठाणेकरांना हे माहीत हवंच. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण पट्ट्यात सापडलेल्या एका नव्या जंपिंग स्पायडरला ‘आयसियस तुकारामी’ नाव दिलंय. शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून, ज्यांनी २६/११ ला गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली. एवढासा, नखाएवढाही नाही, समोर दोन मोठे डोळे, तुमच्याकडे मान वळवून बघतो. भीती घालवायची सुरुवात करायची तर जंपिंग स्पायडरपासून करा, तो बघतो तेव्हा रागावताच येत नाही.

आणि पावसाळा संपत आला की येऊरला या. जायंट वुड स्पायडर, मादी हाताच्या पंजाएवढी, वाटेच्या आरपार मीटरभर जाळं, उन्हात धागे सोनेरी दिसतात. नर तिच्यासमोर एवढुसा की पहिल्यांदा वाटतं जाळ्यात कचरा अडकलाय. ती काही करत नाही, फक्त पुढे चालणाऱ्याच्या तोंडावर जाळं येतं, म्हणून मी नेहमी कोणालातरी पुढे धाडतो.

वाचनमात्र_विनू (८:३४)

नर एवढुसा आणि कचरा वाटतो. रविवारी घरी असताना सेम.

सिडनीकर_शाम (९:१०)

मोठा म्हणजे विषारी हे समीकरणच खोटं आहे. जगातला सगळ्यात वजनदार कोळी, दक्षिण अमेरिकेतला गोलियाथ, दीडशे ग्रॅमच्या वर भरतो, आपला मोठा बटाटा म्हणा. लाओसमध्ये तुमच्याच हंट्समनचा चुलतभाऊ आहे, पायांचा पसारा ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेची पट्टी. दोघांनीही माणूस मारल्याचं ऐकिवात नाही.

रोखठोक_राणे (९:१५)

शाळेच्या पट्टीएवढा. धन्यवाद. आता लाओसलाही जाणार नाही.

निशिगंधा (१६ जुलै, दुपारी १:२०)

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व.

शुक्रवारी रात्री मी लेकीला सांगितलं की मला भीती वाटते, का ते माहीत नाही, तू बघशील का माझ्याबरोबर. काचेतून दहा मिनिटं बघितलं. ती स्टुलावर, मी तिला धरून, खरं म्हणजे मीच तिला धरून. मग तिने वहीत चित्र काढलं, मिशीसकट, आणि खाली लिहिलं ‘गीझरमावशी’. शनिवारी सकाळी दार उघडून उंबऱ्यावर उभ्या राहिलो. मी दोनदा मागे आले. तिसऱ्यांदा थांबले, आणि मनकवडी, तुम्ही म्हणता तसं झालं, बराच वेळ धडधडलं आणि मग कंटाळा आला. भीतीचा कंटाळा येतो हे मला माहीतच नव्हतं.

दुपारी नवरा आला. मोठ्या तोऱ्यात म्हणाला कुठाय, दाखव. बघितलं आणि “वॉचमनला बोलावू या” म्हणाला. शेवटी दिवाळीचा लाडवांचा पारदर्शक डबा आणि जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. डबा मी धरला. पुठ्ठा लेकीने सरकवला. गीझरमावशीने पुढचे पाय उचलले तेव्हा मी ओरडले, कबूल आहे, पण डबा सोडला नाही. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे काका आत आले, डब्यात बघितलं आणि पाचव्यालाच उतरले. मागच्या कंपाउंडला जांभळाखाली सोडली, चकती घेऊनच गेली, खोडावर चढली आणि दिसेनाशी झाली. त्या डब्यात आता लाडू ठेवायचे नाहीत असं नवऱ्याने जाहीर केलंय.

संध्याकाळी लेकीने माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता गीझरमावशीचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. तिकडून एक किंकाळी आणि नंतर नुसतं नौपाड्याच्या घराचं छत. लेक फोनमध्ये ओरडतेय, “आजी, मिशी बघ ना तिला! आजी! पळू नको!”

पमाताई_नेरुळ (१:३१)

गीझरमावशी! माझी नात हसून हसून पडली. तिला चित्र दाखवा हो, इथे टाका.

खेकडा_चेंदणीचा (१:४०)

एक कोळी सुखरूप घरी गेला. कोळीवाड्याकडून आभार.

रोखठोक_राणे (१:५५)

मानलं ताई. काचेतून बघण्यापर्यंत मीही येईन, पालीसाठी. डबा नाही.

काडीबहाद्दर (२:०२)

सगळं ठीक, पण मावशी आली कुठून ते बघितलं का? नवव्या मजल्यावर एकटी आली असेल का? गीझरच्या मागे नीट टॉर्च मारलात ना?

निशिगंधा (२:१०)

नाही. टॉवेल अजून फटीतच आहे.